सोनाजीचं उत्तर

मानोरा, ११ नोव्हेंबर

प्रिय जुनैद,

काळी-पिवळी जीपवाल्यानं पाकीट हातात दिल्यावर तुला वाटलं असेल, आलं एकदाचं बारावं प्रकरण. नाही आलं. हे नुसतं पत्र आहे. प्रकरण चालू आहे, चांगलं चालू आहे. फक्त शाळेत परीक्षा आहेत आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर काढायला सवड नाही. पुढच्या आठवड्यात पाठवतो. प्रकाशक राधिकाताईंचा अमरावतीहून फोन आला तर त्यांनाही हेच सांग, की कादंबरी रेंगाळलेली नाही, शेवटावरून हात फिरवणं चाललं आहे.

एक विनंती आहे, राग मानू नकोस. मला फोन करू नकोस. दसऱ्याच्या आधी स्वप्निलदादाचा फोन आला होता ना, "बाबा चहा पिता पिता कलंडले" म्हणून, तेव्हापासून रिंग वाजली की मी दचकतो. घरचा फोन घ्यावाच लागतो. पण स्क्रीनवर तुझं नाव दिसलं की पहिला विचार हाच येतो की दादाला सांगवलं नाही, म्हणून त्यानं जुनैदला सांगायला लावलं. परवा तुझा फोन आला तेव्हा मी वर्गातून बाहेर पळालो. तू तर नुसतं तुझ्या दुकानातल्या प्रिंटरच्या टोनरच्या भावाबद्दल बोलत होतास. मुलं खिडकीतून बघत होती.

म्हणून पत्र लिही. तू दर शुक्रवारी आमच्या मळ्यावर जातोस, बाबा कसे दिसतात ते लिही. दादा फोनवर "बरे आहेत" म्हणतो, रूपावहिनी "जेवले" म्हणते. त्यातून मला काही कळत नाही.

तुझा,
धीरज


कारंजा, १६ नोव्हेंबर

धीरज, सलाम.

परीक्षा आहेत म्हणतोस. तुझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका माझ्याच दुकानात टाईप होतात आणि त्या दिवाळीच्या आधीच गेल्या, हे तू विसरलास. मी तहसीलसमोर बसून दिवसभर लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करतो बे. कोण खरं लिहून देतो आणि कोण नाही, ते मला दुसऱ्या ओळीत कळतं. तुझं मला पहिल्याच ओळीत कळलं, कारण "चांगलं चालू आहे" असं तू एकाही प्रकरणाबद्दल आजवर लिहिलेलं नाहीस. तुझी चांगली प्रकरणं "काही जमलं नाही, फेकून दे" अशा चिठ्ठीसोबत आलेली आहेत.

फोन नाही करणार. पण मग खरं लिही.

आता काकांचं, तुझ्या बाबांचं. काल नमाज झाल्यावर मळ्यावर गेलो. काका ओसरीत बाजेवर बसले होते. वहिनींनी त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला होता, तो तसाच होता. समज पूर्ण आहे. चहात साखर कमी पडली तर कप ओठाजवळ नेऊन परत ठेवतात आणि वहिनींकडे असं बघतात की त्या बिचाऱ्या धावत डबा आणतात. बोलणं मात्र नाही. घशातून एक घरघर येते, मग तेच वैतागतात आणि तोंड मिटून घेतात. वैतागतात म्हणजे आपले काका आहेत तसेच आहेत, असं मी समजतो.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होतो. लिहितो. तू प्रकरण पाठवायचास, मी टाईप करायचो, आणि शुक्रवारी पिशवीतून पानं काढून काकांना वाचून दाखवायचो, कारण बापासमोर वाचायची तुला लाज. ते विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकायचे आणि शेवटी एकच वाक्य बोलायचे. आठव्या प्रकरणाला म्हणाले होते, "सोनाजी लय बोलून राह्यला." तू तो अख्खा भाग काढून टाकलास आणि प्रकरण सुधारलं. आता मी गेलो की काका आधी माझ्या पिशवीकडे बघतात. पिशवीत कधी केळी असतात, कधी औषधं. काल मी पिशवी बाहेर गाडीलाच अडकवून आत गेलो, तर ते दाराकडे बघत बसले.

राधिकाताईंचा फोन आला होता. डिसेंबर संपेपर्यंत कादंबरी पूर्ण मिळाली नाही तर पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. आवाज गोड होता, पण त्यांच्या "बघू"चा अर्थ तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

किती पानं झालीत ते लिही.

जुनैद


मानोरा, २४ नोव्हेंबर

जुनैद,

एकही नाही.

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसायचो आणि उठायचो, म्हणून उत्तराला उशीर झाला. खरं सांगतो, दसऱ्यापासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. शाळेला जायच्या आधी, सकाळी, टेबलाशी बसतो. कागदावर लिहितो, "सोनाजीनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला," आणि तिथे पेन अडतो. पुढे काय म्हणाला ते येत नाही. कागद बदलतो. परत तीच ओळ लिहितो, अक्षर जरा मोठं काढून. आता माझ्या टेबलावर त्या एका ओळीचे इतके कागद झालेत की शिपाई विचारत होता, सर, पोरांसारखी शिक्षा कोणी दिली तुम्हाला?

तू सगळं टाईप केलं आहेस, तुला कथानक नव्यानं सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण स्वतःला सांगून बघायचं आहे. गाव वाढत वाढत सोनाजीच्या भाजीच्या मळ्यापर्यंत आलं आहे. आजूबाजूच्यांनी विकलं, प्लॉट पडले. सोनाजीच्या दोन मुलांनी त्याला विचारलं आहे, विकायचं की नाही? तो म्हणाला, दसऱ्याले सांगतो. अकरा प्रकरणं वाचक त्या एका संध्याकाळची वाट बघतो आणि अकराव्याच्या शेवटी सगळे जेवायला बसतात. बारावं म्हणजे फक्त सोनाजीचं उत्तर.

आणि आमच्या घरी काय झालं ते तुला माहीत आहे. जमिनी घेऊन प्लॉट पाडणारे ते लेआउटवाले उन्हाळ्यात दोनदा येऊन गेले. बाबांनी त्यांना जे सांगितलं तेच मी सोनाजीच्या तोंडी घातलं, की दसऱ्याले सांगतो. माझ्या मनात होतं, बाबा काय सांगतात ते ऐकू आणि मग बारावं लिहू. इतकं साधं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बाबा कलंडले. त्यांचं उत्तर त्यांच्यातच राहिलं आणि सोनाजीचंही.

मला भीती वाटते जुनैद. हसू नकोस. एक भीती अशी की मी ज्या आठवड्यात सोनाजीला बोलता करणार होतो त्याच आठवड्यात बाबांची वाचा गेली, आणि मी पुढे लिहिलं तर अजून काहीतरी जाईल. ही भीती वेडेपणाची आहे, हे मला कळतं. शाळेत विज्ञान मीच शिकवतो. दुसरी भीती मात्र वेडेपणाची नाही. सोनाजीच्या तोंडी मी जे घालीन ते बाबांचंच म्हणून वाचलं जाईल. गावात सगळे ओळखतील, की सोनाजी म्हणजे आमचे बाबा, भगवंतराव. आधी ते एका वाक्यात मला खोटं पाडू शकत होते. आता मी काहीही लिहिलं तरी "मी असं म्हनलो नाही" एवढंसुद्धा त्यांना म्हणता येणार नाही. मुक्या माणसाच्या तोंडी शब्द कसे घालू?

आणि त्याखाली तिसरी भीती आहे. पुस्तक व्हायच्या आधी बाबा गेले तर? मग मी हे कोणासाठी लिहीत होतो?

पिशवी बाहेर अडकवू नकोस. आत ने. केळी तर केळी.

धीरज


कारंजा, २ डिसेंबर

धीरज, सलाम.

तुझं पत्र वाचून मी हसलो नाही. घरी नाजिशनं विचारलं, कोणाचं इतकं मोठं पत्र आहे, तर म्हटलं, सोनाजी रुसला आहे. ती म्हणाली, मग त्याला सोडून पुढचं लिहायला सांगा, स्वयंपाकात भात लागला तर आपण भाजी फोडणीला टाकतो ना. मला पटलं. बाराव्यापुढे काही नाही, म्हणून तू दहावं परत लिही. नाहीतर पाचवं परत लिही. नाहीतर गावाच्या नदीचं वर्णन कर, लेखक लोक अडले की नदीचं वर्णन करतात, असं मी टाईप करता करता पाहिलं आहे. जागा बदलून बघ. पेन बदलून बघ. नाजिश म्हणते, ओवा घालून कोमट पाणी पी. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांकडे परवा काकांना नेलं होतं, मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द येईल, एखादा येणार नाही, जबरदस्ती करू नका, पण त्यांच्याशी बोलत राहा. परत येताना गाडीत स्वप्निलभाऊ एकदम म्हणाले, "बाबा काहीबी बोलले असते तरी चाललं असतं. हो म्हनले असते तरी, अन् नाही म्हनले असते तरी." दमलेत ते. रोजचं पाणी देणं, बाजार, बापाचं सगळं उठवणं-बसवणं, हे एकट्यावर आहे.

बाकी मळ्यावर ठीक आहे. सांबार छान उगवला आहे, राधिकाताईंच्या पुस्तकी भाषेत कोथिंबीर. विहिरीपलीकडच्या धुऱ्याला, पार बांधाच्या टोकापर्यंत, कोणीतरी चुन्याच्या रेघा मारल्यात. नळाच्या पाइपलाइनसाठी असतील.

तू एक ओळ तरी पाठव. सोनाजी काय म्हणाला ते राहू दे, तो जेवला काय ते लिही. ते वाचूनही काकांना बरं वाटेल.

जुनैद


कारंजा, १४ डिसेंबर

धीरज, सलाम.

तुझं उत्तर नाही. काळी-पिवळीवाल्याला रोज विचारतो, तो आता माझी गाडी दिसली की लांबूनच मान हलवतो. राधिकाताईंचा तिसरा फोन आला. या वेळी त्यांनी गोड आवाजसुद्धा केला नाही. म्हणाल्या, प्रकरण आहे की नाही, एवढं सांगा. मी म्हटलं, आहे, आजच कुरिअर करतो.

मग काय करणार होतो मी? तुझं पुस्तक बुडताना बघत बसू? मीच लिहिलं. अकरा प्रकरणं मी अक्षर न् अक्षर टाईप केली आहेत, सोनाजीला तुझ्याइतका मीही ओळखतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एका बैठकीत झालं. तुला इतके दिवस का लागतात, हे मला समजलं नाही. टाईप करून पाठवून दिलं. ही प्रत तुझ्यासाठी. त्यातलं मुख्य असं:

"सोनाजीने ताट बाजूला सारले व म्हणाला, मी सोनाजी, वय वर्षे सत्तर, धंदा शेती, माझ्या राजीखुशीने व कोणाच्याही दबावाला बळी न पडता असे सांगतो की, सदर मळा विकण्यास माझी काहीएक हरकत नाही. सदर निर्णय माझ्या सर्व वारसांवर बंधनकारक राहील. एवढे बोलून सोनाजीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. दोन्ही मुलांनी धावत जाऊन त्याचे पाय धरले."

मला तरी बरं जमलं असं वाटतं. शेवट तर मी स्वतःलाच दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. राधिकाताईंना आवडलं तर श्रेय तुझंच.

जुनैद


मानोरा, १६ डिसेंबर

जुनैद, गाढवा,

तुझं पाकीट शाळेच्या गेटवर फोडलं आणि पहिला तास घेतलाच नाही. राधिकाताईंना आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग की कुरिअर चुकून दुसऱ्याच पार्टीचं गेलं. काहीही सांग. तू हे केलंस तरी कसं? ज्याचं नाव पुस्तकावर आहे त्याला एका शब्दानं न विचारता? वीस वर्षांच्या दोस्तीत मी तुझ्यावर असा कधी चिडलो नव्हतो.

आणि काय लिहिलंस? सदर? सोनाजी घरात जेवायला बसला आहे की तहसीलदारापुढे उभा आहे? भाजीपाला लावणारा माणूस, ज्यानं जन्मात "काहीएक" म्हटलं नाही, तो पोरांसमोर वय आणि धंदा सांगतो? ती पोरं त्याची आहेत, त्यांना त्याचं वय माहीत आहे. आणि रडतो? घळाघळा? आई गेली तेव्हा बाबा काय करत होते, तू स्वतः पाहिलंस. लोक ओसरीत बसले होते आणि ते विहिरीवर जाऊन मोटर सुरू करून तिच्या आवाजात बसले होते. वाफे भरून पाणी धुऱ्यावरून वाहिलं तरी त्यांनी मोटर बंद केली नाही, आणि कोणी बंद करायला गेलं नाही. तसला माणूस ताटावर रडतो का रे?

नीट ऐक, म्हणजे राधिकाताईंना काय चुकलं ते तरी तुला सांगता येईल.

सोनाजी ताट सारतो, पण भाकरीचा शेवटचा तुकडा हातात ठेवतो, कारण अन्न टाकून तो कधी उठलेला नाही. पोरं थांबली आहेत. सून दाराआड उभी आहे. थोरला म्हणतो, "बाबा, त्यायले उद्या सांगा लागते." सोनाजी त्याच्याकडे बघतही नाही. तुकडा खातो. उठतो, दारात जाऊन हात धुतो आणि ओला हात तसाच चौकटीला टेकवून बाहेर बघतो. बाहेर सांबाराचा वाफा आहे. अंधार पडत आला आहे, तरी सांबाराचा वास ओसरीपर्यंत येतो. ज्यांनी मळा विकला त्यांच्या घरात हा वास येत नाही, हे धाकट्याच्या पहिल्यांदा लक्षात येतं आणि त्याला स्वतःचाच राग येतो, कारण तो नोकरीला लागून वर्षं झाली आणि आता त्याला असल्या गोष्टी सुचतात. तो मनात जुळवाजुळव करतो आहे. बाप हो म्हणाला तर काय बोलायचं? नाही म्हणाला तर काय? त्याला दोन्हीची भीती आहे. हो म्हणाला तर मळा जाईल. नाही म्हणाला तर तो कोणीतरी करावा लागेल, आणि कोण करतं आहे आणि कोण फक्त सणाला येतं हे दोघा भावांना चांगलं माहीत आहे. म्हणून दोघंही खाली बघतात. थोरल्याच्या नखांत माती आहे. धाकट्याच्या नखांत खडू आहे.

सोनाजी वळतो. तो ना हो म्हणतो, ना नाही. तो या पोरांचा बाप आहे, पंच नाही. तो रोज संध्याकाळी जे विचारतो तेच विचारतो.

"उद्या बजार हाय. सांबार कोन उपटते?"

बस. एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो. पोरं बोलत नाहीत. आणि पुढे काय होतं, ते मला माहीत नाही. पण अश्रू वाहत नाहीत आणि कोणी पाय धरत नाही, एवढं नक्की.

राधिकाताईंना फोन कर. तो झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस.

धीरज


कारंजा, २१ डिसेंबर

धीरज, सलाम.

शिव्या पोचल्या. गाढवा एकदाच लिहिलंस, मी जास्त धरून चाललो होतो.

पहिली गोष्ट. कुरिअर केलं नाही. राधिकाताईंकडे माझं एक अक्षरही गेलेलं नाही. माझ्या प्रकरणाची जगात एकच प्रत होती आणि ती तू बहुतेक फाडली असशील. त्यांना मी खरंच सांगितलं होतं, की लेखकाचे वडील आजारी आहेत, तो अडला आहे, महिनाअखेरपर्यंत थांबा. थांबल्या.

दुसरी गोष्ट. माझं प्रकरण मी काकांना वाचून दाखवलं होतं. मीही माणूस आहे, लिहिल्यावर कोणाला तरी ऐकवावंसं वाटतं. "सदर मळा" इथपर्यंत आलो आणि त्यांनी डाव्या हातानं चादर ओढून तोंडावर घेतली. तेव्हा मला कळलं की हे तुला पाठवण्यालायक आहे.

तिसरी गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो. चुन्याच्या रेघा पाइपलाइनच्या नव्हत्या. धुऱ्यापलीकडचं वावर, शेजाऱ्यांचं शेत, विकलं गेलं आणि लेआउटवाल्यांनी स्वप्निलभाऊंना संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. भाऊ म्हणत होते, धीरजला सांगू नका, तो तिकडे घाबरून राहील. त्यांना विकायचं होतं असं नाही. बाबांच्या मनातलं न कळता नाही म्हणणंही त्यांना जड जात होतं. मी तुला कळवायला हवं होतं. पण फोनच्या रिंगला घाबरणाऱ्या माणसाला हे कसं कळवू, ते समजत नव्हतं.

आता मुख्य. तुझं पत्र आलं, मी वाचलं, आणि मशीनसमोर बसलो. वरचा राग काढला. "नीट ऐक"च्या खालून सुरू केलं आणि "वाट बघत उभा राहतो"पर्यंत जसंच्या तसं टाईप केलं. तू कादंबरी लिहायला बसलास की तुझा पेन अडतो, आणि मला शिव्या द्यायला बसलास तर प्रकरण लिहून जातोस. हे तुझ्या लक्षात तरी आलं का? तू बारावं प्रकरण लिहिलं आहेस धीरज. सोबत जोडलं आहे. सवयीनं वर "विषय" पडला होता, तो खोडला.

काल शुक्रवारी पानं पिशवीत घालून मळ्यावर गेलो. पिशवी आत नेली. काकांनी पानं पाहिली आणि सरळ बसायचा प्रयत्न केला, तर वहिनींनी पाठीला उशी लावली. स्वप्निलभाऊ ओसरीतच सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. मी वाचत गेलो. नखांतल्या मातीचं वाक्य आलं तेव्हा भाऊंचे हात थांबले. मग "सांबार कोन उपटते" आलं, आणि तिथे पान संपलं, तर मी ते खाली ठेवलं. कोणी काही बोललं नाही. पोरंही गोष्टीत बोलत नाहीत, तसंच झालं.

बाजेवरून आवाज आला. "मी."

मला वाटलं भाऊ बोलले. भाऊंना वाटलं मी बोललो. वहिनींच्या हातातला पाण्याचा गंज खाली पडला. भाऊ उठून बाजेजवळ गेले आणि म्हणाले, "काय म्हनले बाबा?" काकांचं तोंड वेडंवाकडं झालं, घरघर आली, कपाळाला घाम आला. आणि परत म्हणाले, "मी." डावा हात वाफ्याकडे केला होता.

त्यानंतर काही बोलले नाहीत. आजही नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आशा ठेवा पण एका शब्दावर इमले बांधू नका. तर मीही तुला तेच सांगतो, इमले बांधू नको.

आज बाजार नव्हता. तरी भाऊंनी सकाळी काकांना उचलून वाफ्याच्या कडेला पोतं टाकून बसवलं. डाव्या हातानं काका सांबार उपटत होते, अर्ध्या मुळ्या जमिनीतच राहत होत्या. एक जुडी व्हायला पुष्कळ वेळ लागला आणि ती कोणी विकत घेणार नाही अशी झाली. मी तिथे असतानाच लेआउटवाल्याचा फोन आला. भाऊ म्हणाले, "बाबाले विचारलं. बाबा कामावर हाय." आणि फोन ठेवून दिला.

जुनैद


मानोरा, २३ डिसेंबर

जुनैद,

तुझं पत्र मी शाळेत वाचलं नाही. घरी येऊन, दार लावून वाचलं, आणि त्या एका शब्दावर आल्यावर पत्र ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो. पुढचं नंतर वाचलं.

इमले बांधत नाही. एक शब्द म्हणजे बोलणं नव्हे, हे मला कळतं. पुढचा येईल की नाही याची धाकधूक आहेच, आणि आता ती जास्त आहे. आधी काही येणारच नाही असं मनाशी धरलं होतं, त्यात निदान निवांतपणा होता. पण सोनाजीच्या तोंडी मी काय घालावं, हा प्रश्न सुटला. मला घालावंच लागलं नाही.

टेबलावरचे ते एका ओळीचे सगळे कागद शिपायाला पाठकोऱ्यांसाठी दिले.

तू टाईप केलेल्या पानांच्या शेवटी एवढं जोड. पोरं बोलत नाहीत. सोनाजी जरा वेळ वाट बघतो. मग चौकटीवरचा हात काढतो आणि स्वतःच म्हणतो, "मी." खाली दिनांक, ठिकाण, स्वाक्षरी असलं काही टाकू नकोस. आणि मग पाठव अमरावतीला.

दादाला मी आज स्वतः फोन केला. आधी त्यानं बाजारभाव सांगितले, मी शाळेचं सांगितलं. शेवटी म्हटलं, नाताळच्या सुट्टीत येतो, सांबार मी उपटीन. तो म्हणाला, तुले जमन का? म्हटलं, बाबांच्या जुडीपेक्षा बरी बांधीन. तो हसला. लेआउटवाल्याचं ना त्यानं काढलं, ना मी. ते समोर बसून बोलू.

येत्या शुक्रवारी मी मळ्यावर असेन. पिशवी तूच घेऊन ये, पण पानं माझ्याकडे दे. बारावं प्रकरण मी वाचणार आहे, बाबांसमोर. लाज वाटेल, आवाज कापेल, तू मध्ये बोलू नकोस. त्या प्रश्नापाशी आलो की मी थांबेन. शेवटचा शब्द वाचणार नाही.

तोवर फोन करत जा. रिंग वाजली की दचकेनच, पण उचलीन.

धीरज